लेंडी आमची, सातबारा त्यांचा

"काका, तो आवाज काढा ना. मेंढ्यांना बोलवायचा."

आमच्या कंपनीचे सर माईकवर हे बोलले आणि माझ्या बापानं माझ्याकडं पाहिलं.

जालना रोडवरच्या एका हॉटेलातला हॉल. मागं फलक, 'न्याय्य आणि शाश्वत अर्थव्यवस्थेकडे'. समोर गोल टेबलं, त्यांना पांढरे झगे घातलेले. पुण्या-मुंबईचे पाहुणे. आणि स्टेजवर आप्पा, माझा बाप. हातात काठी, अंगावर नवंकोरं घोंगडं. ते कंपनीनं विकत आणलं होतं. आप्पांचं स्वतःचं घोंगडं सकाळी एका मॅडमना फोटोसाठी जास्तच मळकं वाटलं. ते त्यांनी कचऱ्याच्या काळ्या पिशवीत घालून माझ्याजवळ दिलं. पिशवी माझ्या खुर्चीखाली होती. मेंढरांचा वास येत होता तिला. शेजारची बाई दोनदा वाकून बघून, मग खुर्ची सरकवून बसली.

आप्पा हॉलमध्ये पुढच्या दारानं आलेच नव्हते. दारावरच्या माणसानं अडवलं. "चाचा, इधर से नक्को. पीछे माल का गेट है, उधर से जाव." मी धावत जाऊन ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, तुम जाव ना, चाचा को पीछे से भेजो. मी पाठवलं. कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली होती. मी गळ्यात ओळखपत्र घालून पुढच्या दारानं आत गेले आणि माझा बाप भाजीच्या क्रेटमागं चालत, भटारखान्यातून आला.

तर आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांनी विचारत होते, काढू का?

मी मान हलवली. काढा.

हे आधीच लिहून ठेवते. पुढं कुठं मी तुम्हाला शूर वाटायला लागले तर ही मान आठवा.

आप्पांनी आवाज काढला. बोलवायचा आवाज मऊ असतो, आजारी लेकराला जवळ घेताना काढावा तसा. रानात तो ऐकला की चुकलेलं कोकरू वाट सोडून धावत येतं. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. कुणीतरी 'वन्स मोअर' म्हणालं. आप्पांनी परत काढला.

मेंढरं बसवणं म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आम्ही धनगर. पीक निघालं, रान मोकळं झालं की मालक वाड्याला बोलावणं धाडतो. वाडा म्हणजे आमचा, भिंती नसलेला. चार-पाच घरं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, जाळी. मेंढरं दिवसभर धसकटं आणि पाला खातात, आणि मुक्कामाला त्याच रानात बसतात. लेंड्या आणि मूत मातीत जातं. दुसऱ्या दिवशी जाळी जराशी पुढं सरकवायची. असं सरकत सरकत सगळं रान बसवून होतं. पुढच्या साली त्या रानाला खताचं पोतं मागायची पाळी येत नाय. मालक त्याबद्दल ज्वारी-बाजरी देतो. माझ्या पणज्याच्या आधीपासून हेच. कुणी त्याला शाश्वत म्हणलं नव्हतं. आम्ही दिसलो की लोक नाकाला रुमाल लावायचे.

बसवण्याचे सगळे नियम मालकाचे. आमच्याकडं एकच नियम. उठवणं. मालक वाड्यातल्या बाईमाणसाला वाकडं बोलला, पाणी तोडलं, तर मेंढरं उठवायची. अर्धं रान राहिलं असलं तरी. आणि उठवलेल्या रानात तो वाडा परत बसत नाय. उठवायचा आवाज वेगळा. पोटातून येतो, लांबतो, शेवटाला तुटतो. तो ऐकून लंगडी मेंढीसुद्धा उभी राहते.

हा नियम झाला. पाळला किती वेळा, तो भाग वेगळा.

मी चौथीत होते. आश्रमशाळेला दिवाळीची सुट्टी होती, आणि आमचा वाडा सोयगाव तालुक्यात एका मोठ्या मालकाच्या रानात बसला होता. मका निघालेलं रान. मालकाचा मुलगा शहरातून आला होता, चुलत भावंडं घेऊन. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा असेल. पायात पांढरे बूट. त्यानं चकचकीत कागदाचा पुडा माझ्यापुढं धरला. "घे. चॉकलेट आहे, शहरातलं."

काळं, गोल, गुळगुळीत. ती वस्तू मी जन्मापासून बघत होते. पण चकचकीत कागदात कधी बघितली नव्हती. एक उचलून तोंडात टाकली.

चावल्यावर कळलं.

पोरं लोळली हसून. ओट्यावर मालक हसले. मग माझा बाप हसला. त्याचे दात मला अजून दिसतात.

आईनं मला टाकीवर नेलं. टाकीला हात लावायचा नव्हता, मालकीणबाई वरून पाणी ओतत होत्या, आणि ओतता ओतता त्यांनाही हसू आवरत नव्हतं. आई जाळीपाशी आली आणि आप्पांना एकच शब्द म्हणाली. "उठवा."

आप्पा म्हणाले, "मेंढ्या गाभण हायत. पुढं पाणी नाय."

वाडा ठरलेले सगळे दिवस तिथंच बसला. रान झकास काळंभोर झालं. गावातल्या पोरांनी माझं नाव पाडलं, लेंडी. ते माझ्या आधी शाळेत पोचलं. दहावीपर्यंत मला त्याच नावानं हाक मारायचे. काही मुलींना माझं खरं नाव माहीत नव्हतं.

पुढं मी शहरात आले. हर्सूलला एका खोलीत आम्ही चौघी राहायचो. सकाळी कॉलेज, दुपारनंतर झेरॉक्सच्या दुकानात काम. विषय अर्थशास्त्र. आमच्या सगळ्या भावकीत पहिली पदवी माझी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पहिल्या वर्षी कॉलेजच्या सरांनी उत्पादनाचे घटक शिकवले. भूमी, श्रम, भांडवल, संयोजक. मी उठून विचारलं, सर, लेंडी कशात बसते? वर्ग फुटला हसून. सर पण हसले. म्हणाले, परीक्षेला येणार नाही, बस खाली.

परीक्षेला नाही आलं ते. नंतर आलं.

तो पांढऱ्या बुटांचा मुलगा बाहेरदेशी शिकून आला होता. सिडकोत ऑफिस टाकलं होतं. कल्पना अशी की रसायनांनी मेलेली माती जिवंत करायची, हवेतला कार्बन मातीत मुरवायचा, आणि त्याबद्दल धूर सोडणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून मोबदला घ्यायचा. पाया काय, तर मेंढरं बसवणं. ही कल्पना खोटी नव्हती. मी आजही म्हणते की खरी आहे. म्हणून तर मी तिथं नोकरीला लागले. मुलाखतीत त्यांनी ओळख दाखवली नाही. मला वाटलं, विसरले. बरं वाटलं. मी त्यांना सर म्हणायला लागले.

अहवाल मी लिहिला. कोणत्या मातीत किती दिवस बसवायचं, मूत जास्त झालं तर ज्वारी कशी जळते, पाऊस यायच्या आधी कुळवाची पाळी कधी घालायची. सगळं आप्पांच्या आणि आईच्या तोंडचं. मी रानोमाळ फिरून गोळा केलं. तो छापून आला, गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत, सरांच्या नावानं. मी माझं नाव शोधत गेले. आत एका पानावर फोटो सापडला. मी, आई आणि आईच्या हातात कोकरू. खाली लिहिलेलं होतं, लाभार्थी कुटुंब.

रोज नऊ वाजता हजेरी लावणारी मी. लाभार्थी.

विचारायला गेले तर सर म्हणाले, अगं, फोटो फार छान आला होता गं. मी परत येऊन खुर्चीवर बसले. गप बसायचं कसं, ते मी बापाकडून शिकले होते.

मग संमतीपत्र आलं. प्रत्येक वाड्यानं अंगठा द्यायचा. वकिलाचं इंग्रजी समोर ठेवून मराठी मीच केलं. एक कलम असं होतं की तीन वर्षं मेंढपाळ कंपनी सांगेल त्याच रानात कळप बसवेल, मातीतून निघणाऱ्या फायद्यावर त्याचा हक्क राहणार नाही, आणि कंपनीच्या परवानगीशिवाय तो कळप 'मागे घेणार नाही'. मला ते शब्द खटकले. कळप मागे घेणं असं आपल्याकडं कुणी म्हणतं का? मी खोडलं आणि आपला शब्द घातला. 'उठवणार नाही.' भाषांतर सरस झालं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

माझ्या आज्या-पणज्याकडं जो एकच नियम होता तो मी माझ्या बोटांनी काढून घेतला, आणि बोटं थांबली नाहीत.

पहिला अंगठा आप्पांचा घ्यायचा ठरला, पाहुण्यांसमोर, त्या हॉलमध्ये. त्यांना तयार मीच केलं. आप्पा म्हणाले, मालकाचं काम हाय ना? मी म्हणलं, आपलं पण हाय. आई म्हणाली, वाचून दाव. मी म्हणलं, लई लांबलचक आहे, मी वाचलंय ना.

आता परत त्या हॉलमध्ये चला.

प्रत्येक टेबलावर काचेची छोटी बाटली, बुचाची. आत लेंड्या. वर चिठ्ठी, 'काळं सोनं'. पाहुणे बूच काढून हुंगत होते. एक बाई म्हणाल्या, अजिबात वास नाही हो. तोंडात टाकायला निघाल्यासारखी बाटली धरली होती त्यांनी. आप्पांचा आवाज दोनदा काढून झाला होता. टाळ्या थांबल्यावर सरांनी मला वर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि माईक तोंडाशी घेतला.

"ही आमची मुलगी. आमच्याच रानात वाढलेली. आणि तुम्ही आत्ता नुसता वास घेताय, हिनं लहानपणी चाखून पाहिलंय. आमची पहिली क्वालिटी टेस्टर!"

हॉल हसला. गोल टेबलं एकदम हसली.

विसरले नव्हते. एवढी वर्षं जपून ठेवलं होतं, चकचकीत कागदात.

मी आप्पांकडं पाहिलं. ठरवून नाही. चौथीतल्या पोरीनं पाहिलं होतं तसं. मालक हसला की बाप हसतो, ते बघायला.

या वेळी बाप हसला नाय.

तेवढ्यात टेबल आणलं. कागद, शाईचा पॅड, कॅमेरा. त्या सकाळच्या मॅडमनी आप्पांचा अंगठा दोन बोटांत धरला, शाईवर दाबला आणि कागदाकडं न्यायला लागल्या. मी माईक घेतला. म्हणाले, आधी वाचून दाखवायचं राहिलंय. सर हसतच म्हणाले, वेळ नाही आपल्याकडे. मी वाचलं. सगळं नाही, ते एकच कलम.

आप्पा वाकलेले होते. हळूहळू सरळ झाले.

"उठवायचं बी नाय?"

सर म्हणाले, काका, ती फक्त कायद्याची भाषा असते. मी म्हणाले, भाषा माझीच आहे सर, मीच लिहिलीय. आता कार्बनचा हक्क कुणाचा तेही सगळ्यांसमोर सांगून टाका. ते चिडले नाहीत. सभ्य माणूस आहेत. लहान मुलाला समजवावं तसं बोलले.

"हक्क सातबाऱ्याला जोडलेला असतो. ज्याची जमीन, त्याचा. मेंढी काय, चालती वस्तू. आज इथं, उद्या तिथं. तुमचा सातबारा कुठाय?"

"आमची मेंढरं उठली तर तुमच्या सातबाऱ्यावर काय उगवणार?"

"दुसरी बसतील," सर म्हणाले.

शांतपणे म्हणाले. आणि खरं होतं ते. म्हणून जास्त लागलं.

पुढच्या टेबलावरची बाई शेजारणीला म्हणाली, किती छान, असा संवाद झाला पाहिजे.

आप्पांचा अंगठा अजून हवेतच होता, शाईनं काळा. ते माईककडं गेले नाहीत. मलाच विचारलं, रानात विचारावं तसं. "पोरी, बसवायची का उठवायची?"

एका दिवसात बाप मला दुसऱ्यांदा विचारत होता. आधी मी नुसती मान हलवली होती. आता तोंडानं बोलले.

"उठवा."

आप्पांनी नवं घोंगडं अंगावरून काढलं. घडी घातली. घडी घालताना शाईचा अंगठा त्याच्यावरच उमटला. ते त्या कागदावर ठेवलं आणि आवाज काढला. पोटातून. त्या बंद हॉलमध्ये, गार हवेत, तो आवाज भिंतींना धडकून परत आला. मग काठी घेऊन खाली उतरले आणि टेबलांच्या मधून सरळ पुढच्या दाराकडं निघाले. मी खुर्चीखालची काळी पिशवी उचलली.

आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या. उभं राहून. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. मागून कुणीतरी परत ओरडलं, "वन्स मोअर!"

रस्त्यावर आल्यावर मी पिशवीतून जुनं घोंगडं काढून दिलं. रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर विचारलं, "आप्पा, तवा का हसला होता तुम्ही?"

"मालक हसले म्हून."

एवढंच. माफी नाही, कारण नाही.

पुढचं लिहायला मला आवडत नाही, पण न लिहिलं तर हे सगळं खोटं होईल. नोकरी मोबाइलवरच्या एका ओळीनं गेली. सरांच्या रानात आठवड्याच्या आत दुसरा वाडा बसला. तो माझ्या मावसाचा. आईच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. त्यानं अंगठा दिला त्याच कागदावर, माझ्याच भाषांतरावर. त्या पट्ट्यातली रानं आम्हाला बंद झाली. एकानं विहिरीच्या पंपाला कुलूप घातलं, दुसऱ्यानं सांगितलं की वरून निरोप आहे. आम्ही मेंढरं घेऊन डांबरी रस्त्यानं चालत राहिलो. तीन कोकरं वाटेत गेली. एकाला आईनं पदरात धरलं होतं, ते तिथंच गार झालं. तिनं ते खाली ठेवलं, पदर झटकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तवाच उठवली असती तर तुला येवढं शिकावं लागलं नसतं."

ते वाक्य मी जवळ ठेवलं आहे.

आता माझा एक कागद आहे. एकच पान. आई आणि मी तो घेऊन वाड्या-वाड्यावर जातो. आधी मोठ्यानं वाचते, दोनदा वाचते, मग विचारते. त्यात लिहिलंय की लेंडी ज्याची, हक्क त्याचाही. माती सुधारल्याबद्दल बाहेरून जे येईल त्यात जमीनवाल्याचा निम्मा आणि बसवणाऱ्याचा निम्मा वाटा, आणि वाटा घरातल्या बाईच्या नावानं. आणि शेवटी लिहिलंय की एका रानातून एक वाडा उठला तर त्या रानात दुसऱ्या कुणीच बसायचं नाय. कुणीच. 'दुसरी बसतील' हे वाक्य ज्या दिवशी खोटं पडेल त्या दिवशी त्यांना आमच्याशी बोलावं लागेल. तोपर्यंत ते आमच्याविषयी बोलत राहतील, गोल टेबलांवर.

ही शेवटची अट माझ्या मावसाविरुद्ध आहे. मला माहीत आहे. त्याच्याकडंही गेले होते. तो चिलीम ओढत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या कागदावर ज्वारी मिळती का गं?" आज नाही मिळत. तसंच सांगितलं. त्यानं कुत्रं सोडलं नाही, एवढंच. मी परत जाणार आहे. ऐकलं नाही तर त्याच्या पोरीच्या लग्नाला आम्ही जाणार नाही, असं आईनंच बहिणीला कळवलंय. रक्ताचं नातं आहे. दुखतं. अट खोडणार नाही.

अंगठे थोडेच जमले. संस्था नोंदवायला लागतात तेवढे जेमतेम. कागद घेऊन कचेरीत गेले. कारकून बरा माणूस होता, सगळं नीट तपासलं त्यानं. संस्थेच्या नावाचा रकाना मी मोकळा ठेवला होता. म्हणाला, नाव सांगा, मॅडम. मी सांगितलं.

पेन थांबलं. "अहो, काहीतरी चांगलं द्या की. प्रगती, समृद्धी, असं काही. हे कसं लिहू?"

माझ्यामागं रांग होती. रांगेत कुणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही. आप्पा शेजारी उभे होते, जुनं घोंगडं खांद्यावर. तेही हसले नाहीत.

"ल ला मात्रा," मी म्हणाले. "वर अनुस्वार. ड ला दुसरी वेलांटी. लिहा."